'टन' ते 'वातानुकूलन' : तापन व शीतन तंत्रातील मूलभूत संज्ञांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

उष्ण हवामानात थंडावा आणि थंड हवामानात ऊब निर्माण करण्याचे तंत्र आज घर, कार्यालय, रुग्णालय, ग्रंथालय, चित्रपटगृह, रेल्वे अशा सर्व ठिकाणी पोहोचले आहे. या तंत्राबरोबर काही संज्ञाही नित्याच्या बोलण्यात आल्या आहेत. 'दीड टनाचा एसी', 'कॉम्प्रेसर', 'गॅस भरणे', 'आउटडोअर युनिट', 'कूलिंग' हे शब्द दुकानदार, कारागीर आणि ग्राहक सहजपणे वापरतात. तथापि, यातील 'टन' हा शब्द यंत्राचे वजन सांगत नाही. मग तो काय मोजतो आणि उष्णतेच्या मापनात वजनाचे परिमाण शिरले कसे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत या संज्ञांच्या व्याख्या दिलेल्या असतात. परंतु व्याख्या म्हणजे शब्दाचा इतिहास नव्हे.

पारिभाषिक संज्ञा या केवळ सोयीसाठी योजलेल्या खुणा असतात, असा एक समज आहे. प्रत्यक्षात एखादी संज्ञा ज्या काळात, ज्या व्यवसायात आणि ज्यांच्या गरजेतून जन्माला येते, त्या काळाची, व्यवसायाची व गरजेची छाप तिच्यावर कायम राहते. शीतनाच्या क्षेत्रात ही बाब विशेष ठळकपणे दिसून येते. या क्षेत्रातील प्रमुख संज्ञा बर्फाचा व्यापार, वाफेचे इंजिन आणि सूतगिरणी या तीन ठिकाणांहून आल्या आहेत. मानवी सुखसोयीशी संबंधित संज्ञा त्यांच्या मागाहून आल्या. प्रस्तुत लेखात या क्रमाचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. तापन व शीतन तंत्रातील निवडक मूलभूत संज्ञांचा उगम व विकास तपासणे.
२. या संज्ञांमागील आर्थिक व सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३. भारत आणि विशेषतः मुंबई यांचा या इतिहासाशी असलेला संबंध पाहणे.
४. मराठी पारिभाषिक संज्ञांचा या दृष्टीने विचार करणे.

हा अभ्यास वर्णनात्मक व ऐतिहासिक स्वरूपाचा असून दुय्यम साधनांवर आधारित आहे.

थंडाव्याची पूर्वापार व्यवस्था

यंत्रयुगापूर्वी भारतात थंडावा मिळविण्याच्या अनेक पद्धती प्रचलित होत्या. मातीचा माठ, वाळ्याचे ओले पडदे, जाड भिंती, चौक आणि तळघरे ही त्याची परिचित उदाहरणे होत. अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त पाणी थंड करण्यासाठी सोऱ्याचा उपयोग केला जात असल्याची नोंद आहे. दरबार लाहोरला हलल्यानंतर उत्तरेकडील पर्वतांतून बर्फ आणण्याची व्यवस्था केली गेल्याचेही त्यात नमूद आहे. पिण्याच्या पाण्याची व ते थंड ठेवण्याची जबाबदारी असलेल्या 'आबदारखान्या'चे नाव मराठी राज्यव्यवहारातही रूढ होते.

गंगेच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून बर्फाचे पापुद्रे तयार केले जात. रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. या सर्व व्यवस्थांत दोन गोष्टी समान होत्या. एक म्हणजे त्यांना मोठ्या प्रमाणावर मानवी श्रम लागत. पडदे भिजविणारा, पंखा ओढणारा, भांडी मांडणारा आणि पहाटे बर्फ गोळा करणारा माणूस ही या व्यवस्थेची खरी 'यंत्रणा' होती. दुसरी म्हणजे थंडाव्याचे सर्वमान्य असे माप नव्हते. पाणी थंड आहे की नाही हे हाताला कळे, किती थंडावा खर्च झाला हे सांगण्याची भाषा उपलब्ध नव्हती.

सुप्त उष्णता आणि संघनक : स्कॉटलंडमधील वारसा

ही भाषा अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये आकारास येऊ लागली. तापमापीच्या पट्ट्या तोवर स्थिरावत होत्या. फॅरनहाइट याने आपली पट्टी १७२४ मध्ये, तर सेल्सिअस याने १७४२ मध्ये मांडली. परंतु तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होण्यास ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक याचे संशोधन कारणीभूत ठरले. १७६० नंतरच्या काही वर्षांत त्याने असे दाखवून दिले की, बर्फ वितळत असताना त्याला सतत उष्णता दिली तरी त्याचे तापमान वाढत नाही. ही उष्णता तापमापीवर दिसत नाही, म्हणून त्याने तिला 'सुप्त' म्हटले. ब्लॅकची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

ब्लॅकचा गुरू विल्यम कलन याने १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, द्रवाचे बाष्पीभवन होत असताना थंडावा निर्माण होतो याची चर्चा केली होती. आजच्या प्रशीतन यंत्राचे तत्त्व याच निरीक्षणावर आधारलेले आहे. यंत्रातील द्रव बाष्पित्रात उकळतो आणि त्यासाठी लागणारी सुप्त उष्णता खोलीतील हवेतून घेतो. संपीडक त्या बाष्पावर दाब देतो. नंतर संघनकात बाष्पाचे पुन्हा द्रव होते आणि घेतलेली उष्णता बाहेर सोडली जाते.

यातील 'संघनक' म्हणजेच 'कंडेन्सर' या शब्दाची वाट विशेष उल्लेखनीय आहे. त्याच ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनासाठी वेगळा संघनक कल्पिला आणि १७६९ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. वाफेचे पाणी करणाऱ्या भागाचे हे नाव पुढे प्रशीतन यंत्रातील समान कार्य करणाऱ्या भागाला मिळाले. म्हणजे खाणीतील पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा एक भाग आज नावाच्या रूपाने घराच्या खिडकीबाहेर लटकतो आहे.

'टन' : बर्फाच्या व्यापाराची खूण

शास्त्रज्ञ उष्णतेचा विचार करीत असताना व्यापारी मात्र थंडाव्याचा विचार करीत होते. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर याने १८०६ मध्ये मार्टिनिक बेटावर बर्फाची पहिली खेप पाठविली. प्रारंभी त्याला मोठे नुकसान सोसावे लागले. पुढे नॅथॅनिएल वाइथ याने घोड्याने ओढावयाचे बर्फ कापण्याचे अवजार तयार केले. त्यामुळे तळ्यांवरील बर्फाच्या एकसारख्या आकाराच्या लाद्या निघू लागल्या. अशा लाद्या जहाजात घट्ट रचता येत व त्यांच्यामध्ये लाकडाचा भुसा भरला की त्या कमी वितळत. भुसा हा लाकूड गिरण्यांचा टाकाऊ माल होता आणि बर्फ हे तळ्यावर आपोआप तयार होणारे पीक होते. दोन निरुपयोगी वस्तूंतून एक जागतिक व्यापार उभा राहिला.

मे १८३३ मध्ये 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्यास निघाले. दोनदा विषुववृत्त ओलांडून ते सप्टेंबरमध्ये पोहोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होते. पुढील वर्षी, म्हणजे १८३४ मध्ये, अमेरिकन बर्फ मुंबईत आले. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने ते मागविले होते आणि ते चार आणे पौंड या दराने विकले गेले. जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या मेजवानीत बर्फाचा उपयोग करून पाहुण्यांना आइस्क्रीम दिले. त्यानंतर यजमानांना व पाहुण्यांना पडसे झाल्याचे वृत्त 'मुंबई समाचार'ने दिले, असे मुंबईच्या इतिहासात नमूद आहे.

बर्फ साठविण्यासाठी कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे खास बर्फघरे बांधली गेली. मुंबईचे बर्फघर सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी होते. ते आज अस्तित्वात नाही. मद्रासचे बर्फघर मात्र समुद्रकिनाऱ्यावर उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये तेथे राहिले होते व आज ती वास्तू त्यांच्या नावाने ओळखली जाते. हेन्री डेव्हिड थोरो याने १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावर बर्फ कापणाऱ्या मजुरांना पाहिले होते. त्याच्या १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वॉल्डन'मध्ये या बर्फाच्या संदर्भात मद्रास, मुंबई व कलकत्ता या शहरांचा उल्लेख येतो. दुर्गा भागवत यांच्या अनुवादामुळे हा ग्रंथ मराठी वाचकांना परिचित आहे.

या व्यापारामुळे थंडाव्याला बाजारभाव मिळाला व त्याचबरोबर मापही मिळाले. ते माप अर्थातच वजनाचे होते. जहाजात किती टन चढले, बंदरात किती टन उतरले आणि ग्राहकाने किती पौंड घेतले, या हिशेबात थंडावा ही मोजून देण्याची वस्तू झाली.

बर्फाकडून यंत्राकडे

मुंबईत पहिले अमेरिकन बर्फ उतरले त्याच वर्षी, १८३४ मध्ये, जेकब पर्किन्स याने लंडनमध्ये बाष्प-संपीडनावर चालणाऱ्या शीतन यंत्राचे एकस्व घेतले. फ्लोरिडातील डॉ. जॉन गॉरी यांनी तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड ठेवण्याच्या प्रयत्नांतून बर्फ करणारे यंत्र तयार केले. त्यांना १८५१ मध्ये एकस्व मिळाले, पण भांडवल मिळाले नाही. १८५५ मध्ये ते निधन पावले. रुग्णाच्या गरजेसाठी झालेला हा प्रयत्न मागे पडला. मद्य-निर्मिती, मांसाची वाहतूक आणि बर्फाचे उत्पादन या उद्योगांनी मात्र यंत्राला आश्रय दिला. १८७० च्या दशकात जर्मनीतील कार्ल फॉन लिंडे याची यंत्रे मद्याच्या कारखान्यांत बसविली जाऊ लागली. त्याच दशकात मद्रास व कलकत्ता येथे कृत्रिम बर्फाचे कारखाने सुरू झाले व अमेरिकेहून येणारे बर्फ हळूहळू बंद झाले.

व्यापार संपला, पण त्याचे माप टिकले. यंत्र विकणाऱ्यास आपल्या यंत्राची क्षमता ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगणे भाग होते आणि ग्राहकाला बर्फाची भाषा येत होती. त्यामुळे 'हे यंत्र दिवसाला इतके टन बर्फ वितळविण्याइतका थंडावा देते' असे सांगितले जाऊ लागले. यातही एक गोंधळ होता. एक टन बर्फ तयार करणे आणि एक टन बर्फ वितळल्याने मिळणाऱ्या थंडाव्याइतके काम करणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. बर्फ तयार करताना पाणी आधी गोठणबिंदूपर्यंत थंड करावे लागते व वाटेत उष्णतेची गळतीही होते. त्यामुळे एकाच यंत्राचे दोन आकडे सांगितले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन अभियंत्यांच्या संघटनांनी या बाबतीत प्रमाणीकरण केले व वितळणाऱ्या बर्फाचे माप निश्चित झाले.

या मापाचा हिशेब पुढीलप्रमाणे आहे. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक ब्रिटिश थर्मल युनिट, अर्थात एक बी.टी.यू. हे सुमारे १०५५ जूल इतके भरते. एक पौंड बर्फ वितळण्यास १४४ बी.टी.यू. उष्णता लागते. हीच ब्लॅकची सुप्त उष्णता होय. अमेरिकन टन २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा असतो. म्हणून एक टन बर्फ वितळण्यास २,८८,००० बी.टी.यू. लागतात. याला २४ तासांनी भागले असता ताशी १२,००० बी.टी.यू. ही संख्या मिळते. किलोवॉटमध्ये ती सुमारे ३.५१७ होते. यंत्राच्या माहितीपत्रकात दिसणाऱ्या १२,००० या आकड्याचे मूळ असे तळ्यावरील बर्फात आहे.

या हिशेबाने पाहिल्यास दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालते तेव्हा ताशी सुमारे ५७ किलो बर्फ वितळविण्याइतकी उष्णता खोलीतून काढते. 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्यास उतरलेल्या १०० टन बर्फाने जेवढा थंडावा दिला असता, तेवढा असे एकच यंत्र दोन-अडीच महिने अखंड चालून देऊ शकते. संपूर्ण शहराने कौतुकाने पाहिलेली खेप आज एका मध्यमवर्गीय खोलीचा उन्हाळा झाली आहे.

'अश्वशक्ती' या संज्ञेशी 'टना'ची तुलना उद्बोधक ठरते. वॅटने आपल्या इंजिनाची क्षमता घोड्यांच्या कामाशी तोलून सांगितली. घोड्याची जागा घेणाऱ्या यंत्राने घोड्याचे नाव घेतले, तर बर्फाची जागा घेणाऱ्या यंत्राने बर्फाचे वजन घेतले. मराठीत मात्र एक फरक पडला. 'अश्वशक्ती' या शब्दात घोडा स्पष्टपणे दिसतो. 'टन' या शब्दात बर्फ दिसत नाही. त्यामुळे पहिल्या शब्दाचा अर्थ विद्यार्थी स्वतः लावू शकतो, दुसऱ्याचा अर्थ त्याला कोणी सांगावा लागतो.

तापन आणि शीतन : एकाच क्रियेची दोन नावे

'टन' या मापाने थंडावा ही पुरविण्याची वस्तू मानली. उष्मागतिकीने मात्र वेगळीच भूमिका मांडली. थंडी नावाचा स्वतंत्र पदार्थ नसून, उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे एवढीच क्रिया घडते, असे हे शास्त्र सांगते. उष्ण प्रदेशांतील घरे थंड कशी ठेवावीत, याची चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश शास्त्रज्ञांत चालू होती. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्विन, याने हवेच्या प्रवाहांच्या साहाय्याने इमारती गरम किंवा थंड करण्याविषयी निबंध लिहिला. त्याने दाखवून दिले की, यंत्र उष्णता आतून बाहेर नेत असेल तर ते शीतन होय आणि तेच यंत्र बाहेरून आत आणीत असेल तर ते तापन होय. आज 'हीट पंप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्राची ही बीजकल्पना होती.

या दृष्टीने पाहता 'थंड हवा तयार करणारे यंत्र' हे प्रचलित वर्णन अपुरे ठरते. दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट दराने उष्णता काढते. त्यासाठी ते दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेत असेल, तर बाहेर टाकली जाणारी उष्णता या दोहोंच्या बेरजेइतकी, म्हणजे पावणेसात किलोवॉटच्या घरात असते. ही उष्णता रस्त्यावर, गल्लीत किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर सोडली जाते. 'कूलिंग' या शब्दात खोलीतील घट सांगितली जाते, बाहेरील वाढ सांगितली जात नाही.

आर्द्रतेच्या संदर्भातही असेच म्हणता येते. अभियांत्रिकीत 'संवेद्य उष्णता' आणि 'सुप्त उष्णता' असा भेद केला जातो. पहिली तापमान बदलते, दुसरी हवेतील बाष्पाशी निगडित असते. मुंबई किंवा कोकणासारख्या दमट प्रदेशात यंत्राच्या क्षमतेचा मोठा भाग बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होतो. यंत्राच्या नळीतून टपकणारे पाणी ही ब्लॅकच्या सुप्त उष्णतेची डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

'कंडिशनिंग' : सुताची गरज

'एअर कंडिशनिंग' या शब्दाचा उगम वस्त्रोद्योगात आहे. रेशीम, लोकर, कापूस हे तंतू हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यांचा व्यवहार वजनावर होत असल्याने किती ओलावा धरावा हा वादाचा विषय असे. त्यासाठी तंतूंमधील ओलावा तपासून प्रमाणित करण्याची पद्धत सुरू झाली. फ्रान्समधील लियाँ येथे १८०५ मध्ये रेशमासाठी, तर इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १८९१ मध्ये लोकरीसाठी अशा सार्वजनिक संस्था स्थापन झाल्या. या क्रियेला 'कंडिशनिंग' म्हटले जाई. अमेरिकेतील शार्लट शहरातील वस्त्रोद्योग अभियंता स्टुअर्ट क्रेमर याने १९०६ मध्ये गिरणीतील हवा स्वच्छ करणे, दमट करणे व खेळती ठेवणे या एकत्रित क्रियेस 'एअर कंडिशनिंग' हे नाव दिले. सुताला लावलेला शब्द त्याने हवेला लावला.

त्याआधी चार वर्षे, १९०२ मध्ये, विलिस कॅरिअर याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली होती. दमट हवेत कागद फुगत असे व रंगीत छपाईतील एकावर एक येणारे रंग जुळत नसत. सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवणे हे तेथील उद्दिष्ट होते. १९११ मध्ये कॅरिअरने शुष्क तापमान, आर्द्र तापमान, दवबिंदू व सापेक्ष आर्द्रता यांचे परस्परसंबंध दाखविणारी सूत्रे मांडली. आजही अभियंते जो आर्द्रता-आलेख वापरतात त्याचा पाया या कार्यात आहे.

सुताच्या व कागदाच्या गरजेतून निघालेली ही यंत्रणा मजुराला अनुकूल होतीच असे नाही. दमट हवेत धागा कमी तुटतो, पण माणसाचा घाम वाळत नाही. लँकेशायरच्या विणकाम शाळांत हवेत वाफ सोडण्याच्या प्रथेविरुद्ध तक्रारी झाल्या व १८८९ च्या कायद्याने कृत्रिम आर्द्रतेवर मर्यादा घालण्यात आल्या. मुंबईतील पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि त्यानंतर शहरात गिरण्यांची मोठी वाढ झाली. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १३ अन्वये वायुवीजन व तापमान यांविषयी, तर कलम १५ अन्वये कृत्रिम आर्द्रतेविषयी तरतुदी केल्या गेल्या. यंत्राची परिभाषा जेथे सुताचा विचार करीत होती, तेथे कामगाराचा विचार कायद्याच्या परिभाषेने करावा लागला, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

'सुखावह' तापमान : कोणत्या माणसाचे?

माणसाच्या सुखासाठी शीतनाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग १९२० च्या दशकात अमेरिकेतील चित्रपटगृहांत होऊ लागला. मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेले रीगल हे वातानुकूलित चित्रपटगृह होते. १९३४ च्या सुमारास मुंबई ते पेशावर धावणाऱ्या 'फ्रंटियर मेल'मध्ये डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून हवा आत सोडण्याची सोय केली गेली. वाटेतील स्थानकांवर या लाद्या बदलल्या जात. 'टन' या शब्दातील मूळ अर्थ तेथे अक्षरशः साकार झाला होता.

सुखाचे मोजमाप करण्यासाठी नव्या संज्ञा आवश्यक ठरल्या. १९२३ मध्ये अमेरिकेतील हॉटन व याग्लू यांनी तापमान, आर्द्रता व हवेचा वेग यांना एकत्र करून 'परिणामी तापमान' ही कल्पना मांडली. १९४१ मध्ये वस्त्रांच्या उष्णतारोधनासाठी 'क्लो' हे एकक सुचविले गेले. एक क्लो म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचा सूट घालून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कपड्यांइतके उष्णतारोधन. १९७० मध्ये डेन्मार्कच्या फँगर यांनी कपडे, शारीरिक हालचाल आणि हवा यांवरून सुखाचे भाकीत करणारे सूत्र प्रसिद्ध केले. ते सूत्र जगभरच्या इमारतींसाठी प्रमाण मानले गेले.

या मापांवर पुढे प्रश्न उपस्थित झाले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविले की, प्रचलित सूत्रांत गृहीत धरलेला चयापचयाचा दर एका सरासरी पुरुषाचा असून स्त्रियांच्या बाबतीत तो प्रत्यक्षापेक्षा अधिक धरला जातो. भारतात अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच शहरांतील कार्यालयांची पाहणी करून भारतीयांसाठी अनुकूली सुखाचे प्रतिमान तयार केले. स्थानिक हवामानाला सरावलेले लोक अधिक उष्ण हवेतही समाधानी असतात, असे त्यातून दिसून आले. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या प्रतिमानाची दखल घेण्यात आली. १ जानेवारी २०२० पासून खोलीतील वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश सेल्सिअस ठेवण्याचा नियमही लागू झाला. सुखावह तापमान हा निसर्गाने ठरविलेला आकडा नसून कोणाला प्रमाण मानले यावर तो अवलंबून असतो, असे या घडामोडींवरून म्हणता येते.

मराठी परिभाषेचा विचार

मराठीत या क्षेत्रासाठी दोन प्रकारची शब्दावली वापरात आहे. शासकीय परिभाषा कोश, मराठी विश्वकोश व पाठ्यपुस्तके यांतून 'प्रशीतन', 'वातानुकूलन', 'संपीडक', 'बाष्पीभवन', 'सापेक्ष आर्द्रता', 'दवबिंदू' अशा संस्कृतोद्भव संज्ञा रूढ झाल्या. सुप्त उष्णतेसाठी शालेय पुस्तकांत 'अप्रकट उष्मा' असाही शब्द आढळतो. दुसरीकडे कारागिरांच्या बोलीत 'कॉम्प्रेसर', 'कॉइल', 'गॅस', 'कूलिंग' हे शब्द आहेत. शीतकाला 'गॅस' म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अपुरे आहे, कारण यंत्रात तो आळीपाळीने द्रव व बाष्प असतो. तरीही गळती, भरणे, दाब पाहणे या कारागिराच्या रोजच्या अनुभवाशी तो शब्द सुसंगत आहे.

या दोन शब्दावल्यांत अंतर राहिल्याने तंत्रनिकेतनातील विद्यार्थी पुस्तकात एक भाषा वाचतो व कार्यशाळेत दुसरी ऐकतो. त्यापैकी एकही शब्दावली संज्ञांचा इतिहास सांगत नाही. 'टन' या शब्दाला मराठीत पर्यायच दिला गेला नाही आणि त्याचे स्पष्टीकरणही क्वचितच दिले जाते.

'वातानुकूलन' ही संज्ञा मात्र विशेष विचारास पात्र आहे. इंग्रजी 'कंडिशनिंग' या शब्दात वस्तूला ठरावीक स्थितीत आणणे एवढाच भाव आहे. त्यात ती स्थिती कोणासाठी, याचा उल्लेख नाही. मराठी शब्दात 'अनुकूल' हे पद आहे आणि अनुकूल म्हटले की कोणाला अनुकूल, हा प्रश्न ओघानेच येतो. भाषांतर करताना मराठीने मूळ शब्दात नसलेली एक चौकशी आपल्या संज्ञेत आणली आहे. सूत, कागद, मद्य, प्रेक्षक, सूट घातलेला अधिकारी असे या प्रश्नाचे उत्तर कालानुरूप बदलत गेले. बाहेरच्या यंत्राची गरम हवा ज्याच्या अंगावर येते त्या पादचाऱ्याला ही हवा अनुकूल नसते, हेही त्याच शब्दाच्या आधारे सांगता येते.

निष्कर्ष

१. शीतन तंत्रातील मूलभूत संज्ञा एकाच शास्त्रातून निर्माण झालेल्या नाहीत. 'टन' बर्फाच्या व्यापारातून, 'कंडेन्सर' वाफेच्या इंजिनातून आणि 'कंडिशनिंग' वस्त्रोद्योगातून आले आहेत.

२. 'टन' या मापाने थंडाव्याला विकाऊ वस्तूचे रूप दिले. उष्णता केवळ स्थलांतरित होते ही शास्त्रीय जाणीव त्यामुळे व्यवहारात मागे राहिली व बाहेर टाकल्या जाणाऱ्या उष्णतेकडे दुर्लक्ष झाले.

३. या तंत्राच्या विकासात प्रथम मालाची गरज व नंतर माणसाची सोय असा क्रम दिसतो. माणसाच्या सोयीची मापेही दीर्घकाळ एका विशिष्ट वर्गावर, पोशाखावर व लिंगावर आधारलेली होती.

४. मुंबई, मद्रास व कलकत्ता ही शहरे या इतिहासात बर्फाच्या बाजारपेठा म्हणून आरंभापासून सहभागी आहेत. त्यामुळे हा विषय भारतीय आर्थिक व सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही हाताळण्याजोगा आहे.

५. तांत्रिक शिक्षणात संज्ञेच्या व्याख्येबरोबर तिचा इतिहास थोडक्यात सांगितल्यास आकलन सुलभ होईल. १२,००० बी.टी.यू. ही संख्या पाठ करण्याऐवजी ती बर्फावरून काढून दाखविता येते. असे केल्याने भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि इतिहास या तीन विषयांचे अध्यापक एका वर्गात एकत्र येऊ शकतात.

वाढत्या उष्म्याच्या काळात वातानुकूलन यंत्रांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे. मार्च २०१९ मध्ये भारत सरकारने शीतनविषयक कृती आराखडा जाहीर केला तो याच जाणिवेतून. या विषयावरील चर्चा यंत्रांच्या किमती व विजेचे बिल यांपुरती न राहता, कोणाची उष्णता कोठे जाते आणि अनुकूलता कोणाच्या वाट्याला येते, या दिशेने जावयाची असेल, तर ज्या शब्दांत ही चर्चा होते त्या शब्दांची ओळख असणे आवश्यक आहे.